खोलीच डोळ्यापेक्षा तापली तेव्हा

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात भरदुपारी लाइन गेली की आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसवत नाही. वर टिन, कूलर बंद, भिंतीवरचा थर्मामीटर ४१ वर. त्या दिवशी फ्रीजही बराच वेळ बंद होता. एम.फार्म.ची माझी विद्यार्थिनी बाटली घेऊन आली, "सर, पाहा ना, औषध जमून गेलं जी!" तिनं बाटली उलटी केली. पारदर्शक द्रावण तळाला घट्ट धरून बसलेलं, थेंबही खाली येईना.

ते डोळ्यात टाकायचं औषध होतं. पापणीआड जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं. बाकीचं अश्रूंसोबत वाहून जातं, म्हणून थेंब पुन्हा पुन्हा टाकावे लागतात. पऱ्हाटीत निंदायला गेलेली बाई दर दोन तासांनी ते कुठून टाकणार? याच कळकळीनं या पोरीनं हा विषय घेतला होता: बाटलीत पातळ, डोळ्यात पडताच जेल, आणि त्यातून औषध हळूहळू सुटत राहील.

त्यासाठी तिनं वापरलेलं पोलोक्झॅमर ४०७ हे पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, गार पाण्यात विरघळतं. उष्णता वाढली की त्याच्या रेणूचा मधला भाग पाण्याशी फारकत घेतो, रेणूंचे सूक्ष्म गोळे होतात, ते दाटीनं बसले की द्रावण जमतं. तिनं प्रमाण नेमकं साधलं होतं: २५ अंशांना पातळ, डोळ्याच्या ३४ अंशांना जेल. बाटली माठातल्या पाण्यात बुडवली, तर थोड्याच वेळात औषध पुन्हा पाण्यासारखं. सूत्र चोख होतं.

"पोलोक्झॅमर १८८ मिसळून जमण्याचं तापमान वर नेऊ का सर?" तिनं विचारलं. या दुसऱ्या पोलोक्झॅमरनं ते वर जातं, खरं आहे. पण ४१ ला पातळ राहणारं द्रावण ३४ च्या डोळ्यात जमणारच नाही. मला ते फार लागलं. औषधाचा टिकाऊपणा लवकर कळावा म्हणून ते ४० अंशांच्या कपाटात सहा महिने ठेवतात. इथं उन्हाळ्यात माणसांची घरंच तेवढी तापतात. फ्रीज असला तरी लाइनचा भरवसा नाही.

म्हणजे उष्णतेचा इशारा आपल्या कामाचा नाही. अश्रूंतले क्षार मात्र मे असो की डिसेंबर, तेच असतात. जेलन गम हा डिंकासारखा पदार्थ त्या क्षारांनी जमतो. काचबिंदूवरचं टिमोलॉल अशा थेंबांत आधीपासून मिळतं. संध्याकाळी लाइन आल्यावर तिनं डिस्टिल्ड पाणी तापवून त्यात जेलन विरघळवला. बोअरचं पाणी चालत नाही, त्यातला कॅल्शियमच त्याला जमवायला पुरतो. द्रावण ४० अंशांवर ठेवलं, पातळच राहिलं. मग मीठ, खायचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या कृत्रिम अश्रूंत पिपेटनं थेंब सोडला. तो पसरलाच नाही. चिमट्यानं उचलला तर लवलवत वर आला.

"जमलं जी!" ती ओरडलीच.

आता त्यातून औषध किती तास सुटतं, हे मोजणं चालू आहे. प्रबंधात साठवणुकीच्या चाचणीसाठी तिनं २५ सोबत ४५ अंशही धरले आहेत.