पेशीच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारं शाळेचं पत्र आलं, आणि कशावर लिहू असा प्रश्न मला पडलाच नाही. स्नेहसंमेलनं, क्रीडास्पर्धा, नवी इमारत यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला लिहायचंय ते जीवशास्त्राच्या बाईंवर, आणि त्यातही त्यांनी शिकवलेल्या 'पेशी' या एकाच प्रकरणावर. बाईंचं नाव इथे लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण 'पेशीच्या बाई' म्हटलं की कोण, हे आमच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्याच तुकड्यांना ठाऊक आहे.

बाई आकृती आधी फळ्यावर काढत नसत. आधी सूक्ष्मदर्शक, मग वही. कांद्याचा पापुद्रा स्लाइडवर सपाट पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी धरून हळूच खाली सोडायची. घाई केली की हवेचे बुडबुडे अडकणार. "काठाला जाड काळी कड दिसली तर तो बुडबुडा, पेशी नव्हे," हे त्या प्रत्येक बाकापाशी येऊन सांगत. वहीत काढायचं ते फक्त दिसलेलं. कुणी पुस्तकात बघून पापुद्र्याच्या पेशीत तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग) काढल्या, की त्यावर लाल शाईची काट पडे आणि बाजूला एकच शब्द असे, "दिसल्या?"

तेव्हा हा हट्ट वाटायचा. आज कळतं की त्या आम्हाला पेशी शिकवण्याआधी मोजमाप शिकवत होत्या. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी मिलिमीटरच्या काही दशांश लांबीची, म्हणून शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही ऐटीत दिसते. तंतुकणिकेची जाडी जेमतेम अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा फार तर हजारावा भाग. ती आहे एवढं कळायलासुद्धा खास रंजकद्रव्य आणि चांगलं भिंग लागतं. प्रथिनं बनवणारा रायबोसोम तर वीस-तीस नॅनोमीटरचा, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचाही हजारावा भाग. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला 0.2 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवताच येत नाहीत. रायबोसोम दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला आणि 1950 चं दशक उजाडावं लागलं. पुस्तकातली एक आकृती किती वेगवेगळ्या काळांत, किती वेगवेगळ्या यंत्रांनी पाहिलेल्या गोष्टींची मिळून झालेली असते, हे बाईंनी त्या एका शब्दात सांगून ठेवलं होतं.

इतिहासही त्या याच अंगाने सांगत. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात पाहिले ते कप्पे मेलेल्या पेशींचे होते, नुसत्या भित्तिका, म्हणजे पेशीभोवतीच्या भिंती. आत काही नव्हतंच. रॉबर्ट ब्राउनने केंद्रकाकडे लक्ष वेधलं ते 1831 मध्ये. वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत हे श्लायडेनने 1838 मध्ये मांडलं, प्राण्यांचंही तेच आहे हे श्वानने 1839 मध्ये. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच होते हे व्हिर्शोने ठासून सांगितलं 1855 मध्ये. म्हणजे रिकामे कप्पे दिसल्यापासून इथवर यायला 190 वर्षं गेली! बाई हा आकडा सांगून थांबायच्या आणि आमच्याकडे बघायच्या.

पण मला खरं लिहायचंय ते र्‍हिओच्या पानाबद्दल.

शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या कुंडीतलं ते जांभळ्या पाठीचं पान सगळ्यांना आठवत असेल. पान दुमडून तिरकं फाडलं की कडेला पारदर्शक जांभळी साल सुटते. तिचा तुकडा पाण्यात ठेवून पाहिला की षट्‌कोनी खणांची दाट वीण दिसते, आणि बहुतेक खण जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेले. मग बाईंनी कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट द्रावणाचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला. पाणी टिपकागदात ओढलं गेलं, त्याच्या जागी मिठाचं पाणी सरकलं. डोळा नेत्रभिंगाला लावून आम्ही आळीपाळीने बघत होतो. जांभळा रंग आधी खणांच्या कोपऱ्यांतून सुटला. मग बाजू सुटल्या. शेवटी प्रत्येक खणाच्या मधोमध गडद जांभळा गोळा उरला. भित्तिका मात्र जागच्या जागी. पेशीतलं पाणी बाहेर गेलं, रंगीत रस भरलेली पिशवी, म्हणजे रिक्तिका, आक्रसली आणि तिच्याबरोबर पेशीपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतलं पातळ आवरण, भित्तिकेपासून सुटून आत ओढलं गेलं. हा रससंकोच.

"भित्तिका आणि पटल यांच्या मधे आता काय आहे?" बाईंनी विचारलं. कुणी म्हणालं हवा, कुणी म्हणालं काहीच नाही. उत्तर होतं मिठाचं पाणी. भित्तिका ते अडवतच नाही, ती सगळ्यांना आत येऊ देते. अडवतं ते पटल. हा प्रश्न मी पुढे महाविद्यालयात अनेकांना विचारला आणि बहुतेकांनी हवाच सांगितली.

टिपकागदाने मिठाचं पाणी काढून पुन्हा साधं पाणी दिल्यावर काही मिनिटांत खण जांभळ्याने भरले. तास तिथेच संपला असता. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, पेशी मेलेली असेल तरी असंच होईल का?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, परीक्षानळीत पाणी घेतलं आणि त्याच पानाचा दुसरा तुकडा उकळला. एवढ्यात घंटा झाली. पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांनाही आत बोलावलं. उकळलेल्या तुकड्याची साल स्लाइडवर ठेवली तर खणांची वीण तशीच होती, भित्तिका शाबूत होत्या, पण जांभळा रंग कुठल्याच खणात टिकलेला नव्हता. तो फिका होऊन सगळीकडे पसरला होता. मिठाचं पाणी सोडलं. काहीही आक्रसलं नाही. आक्रसायला सीमाच उरली नव्हती. "भित्तिका आहे, पाणी आहे, रंग आहे," बाई म्हणाल्या, "आणि पेशी नाही." बाहेर उभे असलेले ते सरही त्या दिवशी रांगेत उभं राहून बघून गेले.

जिवंत असणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर मला नंतर कुणी दिलं नाही.

पेशी म्हणजे कारखाना, ही पुस्तकातली उपमा बाईंना अजिबात चालत नसे. कारखान्यातले कामगार घरी गेले तरी इमारत उभी राहते. पेशीत तसं नाही, पटल स्वतःच काम करत असतं. त्यातली मेद द्रव्यं आणि प्रथिनं आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या जाळ्यात तयार होतात, गॉल्गी संकुल या पुढच्या टप्प्यातून छोट्या पिटिकांमध्ये, म्हणजे पिशव्यांमध्ये, बसून कडेपर्यंत येतात, आणि त्या पिटिका पटलात मिसळून जातात. पटल सारखं बनत राहतं, आत ओढलं जातं, पुन्हा बनतं. जेमतेम सात-आठ नॅनोमीटरचा हा थर आहे आणि त्यातले रेणू एका जागी बसलेले नसतात, ते पटलाच्या प्रतलात सरकत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र मांडलं 1972 मध्ये. बाई ते शिकवताना हाताचा तळवा हवेत हलवत राहायच्या. त्यांचं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं. उपमा पाठ होते आणि पेशी राहून जाते.

मी आज एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी दोन परीक्षानळ्या देते. एकीत 0.9 टक्के सलाइन, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब. सलाइनची नळी गढूळ लाल राहते, मागे धरलेली छापील अक्षरं वाचता येत नाहीत. दुसरी बघता बघता पारदर्शक लाल होते आणि अक्षरं स्पष्ट दिसू लागतात. तांबड्या पेशीत पाणी शिरलं, ती फुगली आणि फुटली. तिला भित्तिका नाही. र्‍हिओची पेशी साध्या पाण्यात फुटत नाही ती भित्तिकेच्या जिवावर. हा बाईंचाच तास आहे, फक्त पानाच्या जागी रक्त आहे.

तांबडी पेशी मला सगळ्यांत जवळची. प्रौढ तांबड्या पेशीला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, रायबोसोम नाहीत. बिघडलेलं प्रथिन बदलायची सोय नाही, तरी ती सुमारे 120 दिवस टिकते. कारण पटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप चालू असतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. येन्स स्काऊ यांनी 1957 मध्ये हे काम करणारं विकर (एन्झाइम) दाखवलं, त्यांना नोबेल मिळालं 1997 मध्ये. रक्ताच्या पिशव्या आम्ही 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवतो. त्या थंडीत पंप मंदावतो, पेशीतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. ते जास्तीचं पोटॅशियम बाळाला धोक्याचं, म्हणून नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचं असेल तेव्हा ताजी पिशवी शोधतात. ती पिशवी हातात घेताना मला दर वेळी बाईंची आठवण येते. आत आणि बाहेर यांतला फरक राखायला पेशीला सतत खर्च करावा लागतो, हे मी पुस्तकातून नाही, त्या जांभळ्या खणांतून शिकले.

पुढे तंतुकणिका शिकले तेव्हाही तेच. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये सुचवलं की आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि परत येताना त्यांच्या ओढीवर एटीपी तयार होतो. अनेकांना ते बरीच वर्षं पटेना. 1978 मध्ये नोबेल मिळालं. पटल फाटलं की एटीपीही थांबला. वर्गात मला हे पहिल्याच ऐकण्यात पटलं, कारण उकळलेलं पान मी पाहिलेलं होतं.

मागच्या वर्षी शाळेत गेले होते. प्रयोगशाळा सुंदर झाली आहे. मोठा पडदा आहे, त्यावर पेशी गोल फिरते, तंतुकणिका केशरी, केंद्रक निळं. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद होते आणि दोघांचे आरसे निखळलेले होते. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पडद्यावरची पेशी मिठाचं पाणी घातल्यावर काहीच करत नाही. शिक्षकांचा दोष नाही, त्यांच्यावर तासांचं ओझं आमच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण कुलूप काढता येईल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. भेटवस्तू म्हणून आणखी एक पडदा देऊ नका. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून देऊ, आरसे आणि भिंगं मी बघते. कव्हरस्लिपच्या डब्या, टिपकागद आणि सॅफ्रॅनिन-आयोडीनच्या बाटल्या दरवर्षी कोण देणार ते समारंभाच्या दिवशीच ठरवू. र्‍हिओची कुंडी आता शिक्षकांच्या खोलीबाहेर नाही, पण माझ्या गच्चीवर तिच्याच फुटव्यांच्या कुंड्या आहेत. त्यातल्या दोन मी समारंभाला येताना घेऊन येणार आहे. बाईही येणार आहेत असं कळलं. नववीच्या मुलांना तास त्यांनीच घ्यावा, आणि पान उकळायला स्पिरिटचा दिवा आधीच भरून ठेवावा.