कुठली ट्रीटमेंट केलीत? विचारलंत म्हणून सांगते

केस कापले. हीच ट्रीटमेंट.

एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून लिहायला बसले. स्टाफरूममध्ये विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात. परवा सराफ बाजारात मंगळसूत्र ओवून घेत होते, तर शेजारच्या अनोळखी बाई म्हणाल्या, "रंगवता ना? मग एवढे मऊ कसे?" मी उत्तर दिलं की चेहरे पडतात. कात्रीला कुणी उपाय मानत नाही. बाटलीचं नाव हवं असतं, आणि बाटली जरा महाग असली तर विश्वास लवकर बसतो.

ज्यांनी माझ्या केसांची तेव्हाची अवस्था पाहिली आहे, त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, तो तोंडावर कुणी विचारत नाही. केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईंना आधी कळलं नाही का? कळलं होतं.

थोरल्या पुतणीचं लग्न होतं. त्याआधी कित्येक वर्षं मी घरीच काळी मेहंदी लावायचे. पुडीवर हिरवं पान, मागे बारीक अक्षरात पीपीडी, म्हणजे हेअर डायमधलं काळं करणारं रसायन. खरी मेहंदी काळी होत नाही. तिच्यातलं लॉसोन पांढऱ्या केसाला तांबूस, नारिंगीच करतं. काळा हवा असेल तर वर निळीच्या पानांची पूड वेगळी लावावी लागते. अर्ध्या-पाऊण तासात कुळकुळीत करणारी पुडी म्हणजे बहुतेक वेळा साधा हेअर डाय. मला ते माहीत होतं आणि चालत होतं. पण थरावर थर चढून केस इतके काळेभोर झाले की खालचा चेहरा ओढलेला दिसायला लागला. म्हणून लग्नाच्या निमित्ताने ब्राउन.

पार्लरमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, रंगावर रंग उजळत नाही. आधी काळा काढावा लागेल." बरोबरच होतं तिचं. गडद करणं सोपं, गडदावरून उजळ यायचं तर ब्लीच. ब्लीचच्या पावडरीत कालवायच्या डेव्हलपरची बाटली तिने काढली, तिच्यावर 40 व्हॉल्यूम होतं, म्हणजे 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के. मी म्हटलं, वीसचं नाही का? "लग्न परवा ना मॅडम? वीसने निघणार नाही." मी म्हटलं, आधी एक बट करून बघू. "आमचं रोजचंच आहे हे." मी बसले.

इथे सगळे म्हणतात, चूक तुमचीच. मला मान्य नाही. वाटी तिच्या हातात होती, ब्रश तिच्या हातात होता, पैसे मी मोजणार होते. जे विचारायचं ते मी विचारलं होतं. खुर्चीतून उठून बाटली हिसकावून घ्यायची होती का? कधीकधी रात्री वाटतं, घ्यायला हवी होती. सकाळी पुन्हा तिच्यावर राग येतो.

निळसर पावडर कालवून तिने एकेक बट फॉइलमध्ये दुमडली. अमोनियाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते नेहमीचंच. डाव्या कानावरचं फॉइल मात्र गरम लागायला लागलं. मी सांगितलं. तिने उघडून पाहिलं, "अजून नारिंगीच आहे" म्हणाली आणि पुन्हा दुमडलं. बेसिनवर मान टेकवली, पाणी सुरू झालं आणि तोवर अखंड बोलणारी ती मुलगी एकदम गप्प झाली. दुसरीला खुणेने बोलावलं. मी हात मागे नेला. केस ओल्या शेवयांसारखे बुळबुळीत लागले. एक बोटाला गुंडाळून ओढला. तो लांबला, आणखी लांबला, सोडल्यावर परत आला नाही आणि मग तुटला. कंगवा फिरला तेव्हा तिने हातातला पुंजका पटकन टॉवेलखाली घेतला आणि डस्टबिनकडे गेली. मला आरशात दिसलं.

परत येऊन म्हणाली, "प्रोटीन ट्रीटमेंट करून देते मॅडम, निम्म्या रेटमध्ये." आणि मी ती करून घेतली. निम्म्या रेटचे पैसे दिले. त्या दिवसातलं काही मनाला लागत असेल तर हे. तोवर सगळं समजून चुकलं होतं, तरी पर्समधून नोटा काढल्या.

घरी सासूबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "गंगावन आहे माझ्याकडे." लग्नात अंबाडा, गजरे, सगळं झालं. फोटोत मी चांगली दिसते. तेच फोटो दाखवून नणंद अजून म्हणते, एवढं काही झालं नव्हतं हो वहिनी.

आता ट्रीटमेंट. केसाची ताकद केराटिनमधल्या गंधकाच्या जोडांत, डायसल्फाइड बंधांत असते. ब्लीच त्यातल्या बऱ्याच जोडांचं सिस्टेइक आम्ल करून टाकतं आणि तिथून ते मागे फिरत नाहीत. केसावरच्या खवल्यांना चिकटलेला पाणी झटकणारा तेलकट थरही जातो. म्हणून खराब केस पाणी पितो आणि वाळायला वेळ घेतो. डोक्याबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशी नाही, त्यामुळे जखम भरते तसा तो भरून येत नाही. मुळातून मात्र नवा चांगलाच येतो, महिन्याला साधारण 1 सेंमी. मी काय केलं? खांद्यावरचे कानापर्यंत आणले, नवे वाढू दिले, खालचे कापत राहिले. कंटाळवाणं आहे. दोनेक वर्षं मी वर्गात शिरले की मागच्या बाकावर कुजबुज व्हायची.

मग कंडिशनर काहीच करत नाही का? करतो. खराब झालेल्या भागावर ऋण भार जास्त असतो, कंडिशनरमधला घटक धन भाराचा, त्यामुळे जिथे जास्त बिघडलं आहे तिथे तो जास्त चिकटतो. पुढच्या धुण्याला जातो, पुन्हा लावायचा. बंध जोडणाऱ्या बाटल्या 2014 नंतर आल्या, त्यातली एक मी वापरते. फरक पडला. पण त्याच सुमारास ड्रायर बंद केला होता, तेव्हा श्रेय कुणाला द्यावं ते तुम्हीच ठरवा.

पार्लरमधलं "केराटिन" मात्र दुरुस्ती नव्हे. तो केस सरळ करायचा प्रकार आहे, त्यातल्या अनेक द्रावणांमधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं, आणि वरून दोनशे अंशांपुढे तापलेली इस्त्री. मला तीन जणींनी तेच सुचवलं होतं.

तेलाबद्दल आईचं ऐकलं नाही कधी. धुवायच्या आदल्या रात्री खोबरेल, हे तिचं पालुपद, आणि मी म्हणायचे, तेल काय आत शिरतं? शिरतं. 2003 मध्ये मुंबईच्या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावलं तर केसातून प्रथिनं कमी निघून जातात. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं, म्हणून आत जातं. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगून ठेवते. आईला अजून सांगितलेलं नाही.

पाण्याचं कुणी विचारत नाही, ते विचारा. आमची सोसायटी पाथर्डी फाट्याकडे. नळाला गंगापूर धरणाचं पाणी असतं तेव्हा ठीक. उन्हाळ्यात बोअर सुरू झाला की बादलीला पांढरी पुटं चढतात. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खराब केसावरच्या त्याच ऋण भाराला येऊन चिकटतं, केस राठ होतो आणि दोष रंगाला जातो. शेवटचा तांब्या मी पिण्याच्या पाण्याचा घेते. उधळपट्टी आहे, माहीत आहे. कोमट पाण्याने धुवा असंही सगळे सांगतात. जानेवारीत नाशिकला सकाळी सहाला कोमट पाण्याने डोकं धुऊन दाखवा.

आणि रंग फक्त मुळांना. खांद्यापर्यंतच्या केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं असतं, त्याने आधीच पुष्कळ सोसलेलं असतं. तरी पार्लरमधली बाई ब्रश टोकापर्यंत ओढतेच. दरवेळी हात धरावा लागतो. कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबायचं, हे मी न चुकता करते. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं काही न होता अचानक उठू शकते.

एवढं कळतं तर सोडून का देत नाही? लॉकडाऊनमध्ये दिले होते सोडून. भांगाजवळ पांढरा पट्टा रुंद होत गेला, ऑनलाइन तासाला कॅमेरा थोडा वर धरायला लागले. त्याआधी मुलींना सांगायचे की केस हा काही माणसाचा परिचय नव्हे. तेव्हा ते मनापासून बोलत होते. आजही एखादीने पांढरे ठेवलेले दिसले की फार छान वाटतं. फक्त ती मी नको. याला कारण विचारू नका, स्टाफरूममध्ये नऊ वेगवेगळी सांगून झाली आहेत आणि एकही पुरत नाही.

आता धाकट्या पुतणीचं लग्न आहे. तिला हायलाइट्स हव्यात. "काकू, तुम्ही हो म्हणालात तरच करीन," असं म्हणून तिने सगळं माझ्यावर टाकलं. मी म्हटलं, 20 व्हॉल्यूमच्या पुढे जायचं नाही, लग्नाच्या महिनाभर आधी करायचं, आणि त्याआधी मागून एक बट कापून तिच्यावर करून बघायचं. पार्लरवाली हसली म्हणे, पण केलं. काल पुतणी ती बट पाकिटात घालून घेऊन आली. मी ओली करून ओढली, वाळवून ओढली, नखावर घासून पाहिली. तुटत नाही. रंगही चांगला आलाय. उत्तरासाठी आज तिचे दोनदा फोन येऊन गेले.