काळा ओटा, पिवळं म्युझियम आणि गिल्बर्ट हिल: दगड बघायला मुंबईत एक रविवार

सहावीतल्या भाचीला भूगोलात अग्निज आणि गाळाचा खडक यांतला फरक लिहायचा होता. तिने लिहिलं, "अग्निज खडक काळा, गाळाचा खडक फिकट." पुस्तकातली चित्रं पाहिली तर तसंच वाटतं. मी तिला म्हटलं, रविवारी सकाळी लवकर ऊठ, आपण दगडच बघून येऊ.

आधी अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. स्टेशनवरून रिक्षाने गेलो. मेट्रोने येणाऱ्यांना आझाद नगर किंवा डी. एन. नगर जवळ पडतं. रिक्षावाल्याला "गावदेवी मंदिर, गिल्बर्ट हिल" असं सांगा. आम्ही साडेसातला पायथ्याशी होतो आणि तीच वेळ बरी. काळा दगड दहानंतर असा तापतो की देवळापाशी अनवाणी पाय टेकवत नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा शक्यतो दिवाळीनंतर जा.

पहिल्यांदा एकटी आले होते तेव्हा सरळ पायऱ्या चढून वर गेले, देवीचं दर्शन घेतलं, चहूकडच्या इमारती पाहिल्या आणि परतले. ज्यासाठी आले ते खांब दिसलेच नाहीत, कारण मी त्यांच्या डोक्यावर उभी होते. म्हणून या वेळी आधी खालच्या गल्ल्यांतून टेकडीला वळसा घातला. लोकांच्या घरांच्या अगदी मागे सुमारे २०० फूट उंचीची काळी भिंत सरळ वर जाते, आणि ती भिंत म्हणजे एकमेकांना चिकटून उभे असलेले खांबच खांब. भाची काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मावशी, हे कुणी कापलं?"

कुणीच नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. तो थंड होताना आकसला, आकसताना तडकला, आणि तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून काटकोनात आत आत गेले. चिखल वाळला की त्याची बहुकोनी ढेपळं होतात, तसंच. फक्त इथे तडे खोलवर उतरले म्हणून ढेपळांचे खांब झाले. हा बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला अग्निज खडक. भिंगातून पाहिलं तर कण इतके बारीक की वेगळे दिसत नाहीत. गाळाच्या खडकात असतात तसे थर नाहीत, शिंपला नाही. आजूबाजूचा दगड खाणकामात गेला आणि एवढाच सुळका उरला. त्याला अगदी खेटून उभ्या इमारती पाहताना मला दर वेळी काळजी वाटते. घरं लोकांची आहेत, म्हणून फोटो काढण्याआधी विचारा. तुकडा तर अजिबात काढू नका.

मग चर्चगेटची लोकल. रविवारी मेगाब्लॉक असतो, तो आधी बघून ठेवा. चर्चगेटहून हुतात्मा चौक चालत दहा मिनिटं.

तिथल्या हुतात्मा स्मारकाला आधी नमस्कार करून आम्ही फ्लोरा फाउंटनकडे वळलो. हे कारंजं १८६४ चं, आणि त्याचा दगड मुंबईचा नाही. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पोर्टलंडचा चुनखडक, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा तोच. मधली बरीच वर्षं त्याच्यावर रंगाचे थर होते. डागडुजीनंतर २०१९ पासून दगड उघडा दिसतो. हा खडक उथळ, कोमट समुद्रात तयार झाला. वाळूच्या किंवा शिंपल्याच्या कणावर, तो लाटांत घोळत असताना, चुन्याची पुटं चढत गेली आणि खसखशीएवढे गोल दाणे झाले. दाण्यांवर दाणे साचले, दबले, चिकटले. वय साडेचौदा कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे कारंज्यावरची कोरीव, नाजूक फ्लोरा (रोमन लोकांची फुलांची देवी) ज्या दगडाची आहे तो गिल्बर्ट हिलच्या दुपटीहून म्हातारा! चुनखडक मऊ, म्हणून त्यात वस्त्राच्या चुण्या कोरता येतात. बेसॉल्टवर हेच करायला छिन्नीची धार किती वेळा मोडेल कुणास ठाऊक. पण याच मऊपणामुळे आम्लयुक्त हवा आणि पाऊस त्याला खातात. हात लावू नका, दुर्बीण असेल तर न्या.

तिथून काळा घोड्यावरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथे भाचीची परीक्षा होती. पिवळसर भिंतीकडे बोट दाखवून ती लगेच म्हणाली, "गाळाचा!" नाही. तो मालाडचा दगड, ट्रॅकाइट, तोही ज्वालामुखीचाच. त्यात सिलिका जास्त आणि लोह-मॅग्नेशियम कमी, म्हणून रंग फिकट. त्याच इमारतीतला करडा दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट. एका इमारतीत दोन रंग, जन्म दोघांचाही आगीतूनच. तिच्या वहीतलं वाक्य तिथेच खोडलं गेलं.

जाणाऱ्यांनी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, बाजारात स्वस्तात मिळतं. पाणी आणि टोपी हवीच. दगडावर व्हिनेगर टाकून फसफसतो का बघा, असं कुठे वाचलं असेल, तर ते वारसा इमारतींवर चुकूनही करू नका. ते घरी करा.

आम्ही संध्याकाळी केलं. जुन्या ओट्याचा कडप्प्याचा एक तुकडा माळ्यावर होता. काळा कुळकुळीत, पण आहे चुनखडक, गाळाचा. शेजारी ठेवला आजीचा वरवंटा, आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. दोन्हींवर लिंबाचे चार थेंब टाकले आणि पंधरा मिनिटांनी पुसले. वरवंटा होता तसाच. कडप्प्यावर चकाकी गेलेला पांढुरका ठिपका उमटला होता. तो डाग घासून जात नाही, म्हणून चालू ओट्यावर हा प्रयोग नको.