तीन प्लग कोरडे, एक ओला

सेकंड हँड टर्बो पेट्रोल सेडान, १.८ लिटर, चार सिलिंडर. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा दोष कमी आणि माझा शहाणपणा जास्त होता. घेतल्यावर वर्षभरात ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून घेतला, म्हणजे त्यातली सेटिंग बदलली, बूस्ट (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो तो दाब) थोडा वाढवला, आणि रिमॅप करणाऱ्याने सांगितलं की आता स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी देणारे, एक स्टेप थंड टाक. टाकले. एनजीके कंपनीचे ६ नंबरचे होते, ७ चे बसवले (हा नंबर प्लग किती थंड-गरम ते सांगतो), ठिणगी उडते तो गॅप ०.७ मिमी.

तीनेक महिन्यांनी मिसिंग सुरू झालं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून पेटतच नव्हतं. सकाळी आयडलला (पाय न देता इंजिन नुसतं चालू) गाडी थरथरायची, आणि तिसऱ्या गियरमध्ये बूस्ट आला की झटके, वर चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. हा दिवा नुसता लागून राहिला तर घरापर्यंत जाता येतं, पण लुकलुकत असेल तर लगेच पाय काढायचा, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळत असतं आणि तो गेला की जो खर्च येतो तो प्लगच्या कितीतरी पट असतो. स्कॅनर लावला, कोड आले पी ०३०० आणि पी ०३०३. म्हणजे इकडेतिकडे मिसफायर आहेच पण तीन नंबर सिलिंडर जास्त बोंब मारतोय. तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) काढून एक नंबरला लावली आणि एकची तीनला, कोड तीनवरच राहिला, म्हणजे कॉइल चांगली. इथपर्यंत मी बरोबर होतो.

मग मी काय केलं, तर नवे चार प्लग आणले, तेच ७ नंबरचे, आणि जुने टाकून दिले. सहाशे किलोमीटर गाडी मस्त. मग परत तेच. परत चार प्लग. तिसऱ्या वेळी आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जुने प्लग कुठायत?" म्हटलं, "काका, ते टाकले." "मग मला काय विचारतोस, रिपोर्ट तूच कचऱ्यात टाकलास ना."

कॉलेजात आरएक्स १०० होती तेव्हा प्लग काढणं, पॉलिश पेपरने घासणं आणि परत लावणं हे दात घासण्याइतकं रोजचं होतं, त्यामुळे प्लग काळा झाला की साफ कर नाहीतर बदल एवढंच डोक्यात बसलेलं. का काळा झाला हे कोण बघतंय, टू स्ट्रोक होती, ऑइल जाळतच चालायची. (इरिडियमच्या प्लगला तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, त्याचं टोक अर्धा-पाऊण मिलिमीटरचं असतं, गेलंच समजा.)

काकांनी चारही प्लग काढून अंड्याच्या ट्रेमध्ये सिलिंडरच्या क्रमाने उभे केले. ही ट्रेची आयडिया मी आता कायम वापरतो, कारण कुठला प्लग कुठला हे विसरलं की सगळं वाया. एक, दोन आणि चार नंबर कोरडे काळे, बोटाला काजळी लागते, फुंकर मारली तर थोडी उडते. तीन नंबर पण काळाच, पण चकचकीत, ओला, आट्यांपर्यंत चिकट. वास घेतला, पेट्रोलचा नाही. पेट्रोलने भिजलेला प्लग लगेच वास देतो आणि थोड्या वेळात सुकतो, हा सुकायचं नावच घेत नव्हता. ऑइल.

म्हणजे एकाच इंजिनमध्ये दोन वेगळे आजार होते आणि मी दोन्हींना एकच गोळी देत होतो.

आधी कोरड्या तीनचं सांगतो. थंड प्लग आणि गरम प्लग म्हणजे ठिणगी थंड किंवा गरम नसते, आतल्या पांढऱ्या सिरॅमिकची उष्णता हेडकडे किती पटकन जाते एवढाच प्रश्न आहे. सिरॅमिकचं टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळून जाते, आणि ८०० च्या फार वर गेलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका. या दोन्हींच्या मधे ठेवायचं असतं. माझं ऑफिस घरापासून चार किलोमीटर, कोथरूडातलंच, सगळा ट्रॅफिक, इंजिन गरम होतंय तोवर पार्किंग आलं. थंड इंजिनला ईसीयू जास्त पेट्रोल देतो, त्यात ७ नंबरचा प्लग, काजळी जळणार कधी? मिश्रणच रिच (पेट्रोल जास्त) असेल म्हणून फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) पण बघितला, गरम झाल्यावर वजा दोन-तीन टक्के, त्यात काही नव्हतं, एअर फिल्टर पण स्वच्छ. आणि काजळीतून करंट वाहतो. बूस्टमध्ये सिलिंडरमधलं प्रेशर वाढलं की गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, ते तयार व्हायच्या आतच करंट काजळीवरून सरळ बॉडीला पळतो. आयडलला थोडीशी थरथर आणि बूस्टला झटके, ते यामुळे.

परत ६ नंबरचे टाकले. माझा रिमॅप सौम्य आहे, ट्रॅकवर मी जात नाही, तरी पहिले काही दिवस स्कॅनरवर नॉकमुळे (मिश्रण चुकीचं पेटून होणारी टकटक) ठिणगीचं टायमिंग मागे येतंय का ते बघत होतो, नाही आलं. एक मात्र लक्षात ठेवा, एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नंबर वाढला की गरम. एका मित्राने ७ च्या जागी ७ असं म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला होता, नशीब की फक्त दुकानाच्या काउंटरपर्यंतच.

आता तीन नंबर. आधी वाटलं टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून प्लगच्या भोकात ऑइल उतरलं असेल, पण कॉइलचं रबर कोरडं होतं, म्हणजे ऑइल वरून नाही, आतूनच. टर्बोचं सील किंवा पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनाच्या तळातली वाफ परत आत सोडणारा) असता तर चारही सिलिंडरना थोडंथोडं गेलं असतं. एकच सिलिंडर म्हणजे पिस्टनच्या रिंगा नाहीतर वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणारं). रिंगा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, इंजिन खोलायचं म्हणजे बजेट संपलं.

उत्तर ताम्हिणीत मिळालं. घाट उतरताना मी गियरवरच गाडी उतरवत होतो, आणि खाली पोचून ॲक्सिलरेटर दाबला तसा मागच्या गाडीतल्या मित्राचा फोन, "अरे निळा धूर मारला तुझ्या गाडीने, एकदाच, भप्पकन." उतारावर थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपात) व्हॅक्यूम जोरात, तो इनटेक वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली ओढतो, आणि पाय दिला की ते जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर लोडमध्ये धूर जास्त दिसला असता. तरी कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, इंजिन गरम, प्लग सगळे बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. तीन नंबर बाकीच्यांच्या जवळपासच आला, आणि चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं तरी आकडा फारसा हलला नाही, रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून तो वाढला असता. रिंगा चांगल्या. काकांना त्या दिवशी मी चहा पाजला, वडापावपण.

सील हेड न उतरवता बदलली. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा भरायची, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर वॉल्व्ह आत पडत नाही. कॅमशाफ्ट काढाव्या लागल्या, पूर्ण दिवस गेला, तीन नंबरची जुनी सील दगडासारखी कडक झालेली. सगळ्याच बदलल्या, उगाच परत कोण उघडतंय.

त्याला आता दोन हजार किलोमीटर झालेत. गेल्या रविवारी इंजिन थंड असताना चारही काढले, अंड्याच्या ट्रेमध्ये लावले. एक, दोन, चार मारी बिस्किटाच्या रंगाचे. तीन नंबर अजून जरा करडा आहे, पण कोरडा.