तुम्ही विचारलंत म्हणून : मांजराची भरलेली वाटी उचलायची कशी?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो : "पिल्लू सहा महिन्यांचं झालंय. पाकिटातल्या कोरड्या खाण्याच्या दाण्यांची वाटी दिवसभर भरलेली असते. आता ओलं खाणं वेळेवर द्यायचं ठरवलं, तर पाऊचचा नुसता वास घेऊन निघून जातं. वाटी उचलली की रात्रभर ओरडतं. करायचं काय?"

यात बदल दोन आहेत, एक वेळेचा आणि दुसरा खाण्याचा. दोन्ही एकाच दिवशी केले की दोन्ही फसतात. पिल्लाला भूकही नवी आणि समोरचा पदार्थही नवा, मग ते घाबरून जुनंच मागत बसतं. म्हणून आधी वेळ लावा, तेच दाणे ठेवून. पाऊच आठवडाभर कपाटातच राहू द्या.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. सकाळी १०० ग्रॅम दाणे मोजून वाटीत घाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजा. असं तीन दिवस करा. अडीच किलोच्या, सहा महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण २८० कॅलरी लागतात, म्हणजे ७०-७५ ग्रॅम दाणे. काट्यावर याहून बरंच जास्त दिसलं, तर पिल्लू कंटाळा आला म्हणूनही खातंय असं समजा. वाटी, मूठ, चमचा या मापांवर जाऊ नका. पाच-दहा ग्रॅमचा फरक माणसाला काहीच वाटत नाही, पिल्लाच्या पोटात तो मोठा असतो.

मग दिवसाचे तेवढेच दाणे चार वेळांत वाटून द्या : सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री ११. ताटली अर्धा तास ठेवायची आणि उचलायची. उरलेलं पुढच्या जेवणात वाढवून द्यायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस ओरडा होईल. त्यातला पहाटे चारचा ओरडा सगळ्यात कठीण, आणि बहुतेक घरं तिथेच हार मानतात. एकदा जरी ओरडल्यावर उठून दाणे टाकलेत, तरी ओरडलं की जेवण मिळतं हे पिल्लू शिकतं. रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं दोरी ओढून त्याला पळवा, दमवा, मग जेवू घाला. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या ताटली ठेवू नका. दात घासा, चहा टाका, मग वाढा.

वेळ बसली की पाऊच काढा. पहिल्या दिवशी दाण्यांच्या शेजारी चमचाभर ओलं ठेवा, कालवू नका. कालवलेलं आवडलं नाही तर पिल्लू दाणेही सोडतं. शेजारचं चाटलं नाही तरी हरकत नाही, अर्ध्या तासाने ताटली उचला आणि पुढच्या वेळी पुन्हा ठेवा. तीन दिवसांतही तोंड लावलं नाही, तर चार-पाच दाणे खलबत्त्यात कुटून त्याची पूड ओल्यावर भुरभुरा. ओळखीचा वास आला की जीभ आपोआप पुढे येते. मग दर दोन-तीन दिवसांनी ओलं वाढवा, दाणे कमी करा. शौच पातळ झाली तर एक पायरी मागे येऊन तीन दिवस थांबा. शौचात रक्त दिसलं किंवा पिल्लू मलूल पडलं, तर मात्र दवाखाना.

थंड ओलं खाणं मांजराला नको असतं, कारण त्याला वासच येत नाही. फ्रिजमधला अर्धा पाऊच वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. बोटाला कोमट लागलं की झालं. आपल्याकडे मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ताटली वीस मिनिटांच्या वर ठेवू नका. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका. चार तासांच्या वर गेली असेल, तर फोडलेला पाऊच टाकून द्या, मन खाल्लं तरी. मुंग्यांसाठी ताटली बोटभर पाण्याच्या परातीत ठेवा. ताटली सपाट घ्या आणि खाणं पातळ पसरा, म्हणजे घाईने गिळून ओकणं कमी होतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. वीस ग्रॅम दाणे काढून वीस ग्रॅम ओलं घातलं, की पिल्लू उपाशी राहतं. दाण्यांत पाणी साधारण १० टक्के असतं, पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणून ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये ७० कॅलरीच्या आगेमागे मिळतात, म्हणजे जेमतेम २० ग्रॅम दाण्यांइतक्या. तुमच्या पाकिटावरचा आकडा वाचून हिशोब करा. पूर्ण ओल्यावर आणायचं तर दिवसाला चार पाऊच लागतील. ते सगळ्यांना परवडत नाही, आणि तालुक्याच्या गावी नेहमी मिळतही नाहीत. दोन वेळा पाऊच आणि दोन वेळा मिळून ३५-४० ग्रॅम मोजलेले दाणे, ही विभागणी चांगली आहे. दोन पाऊचमधून जवळपास १३५ मिलिलिटर पाणी पोटात जातं. मांजराला तहान मुळात कमी लागते, माठ भरलेला असला तरी ते फारसं पीत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात हे पाणी मोलाचं ठरतं.

पाऊच घेताना 'कम्प्लीट' लिहिलेलाच घ्या. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेला म्हणजे नुसतं तोंडीलावणं. उकडलेलं चिकन दिवसाला चमचाभर, मीठ-कांदा-लसूण न घालता, हाडं काढून दिलं तर चालतं. फक्त चिकनवर वाढवलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. पूर्वीची मांजरं दूध-भाकरीवर वाढली असं सांगतात. ती मांजरं वर उंदीर आणि पाली खात होती. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातच असतं. ते कमी पडलं तर डोळ्यांना आणि हृदयाला इजा होते. भाकरीत ते नाही.

"उपाशी ठेवा, खाईल आपोआप" हा सल्ला कुत्र्याला कदाचित चालेल, मांजराला नाही. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते आणि यकृतच बिघडतं. जाड मांजराला हा धोका जास्त. २४ तास काहीच पोटात गेलं नाही, तर हट्ट सोडा, जुने दाणे द्या आणि डॉक्टरांना फोन करा. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी हीच मर्यादा १२ तासांची.

दर रविवारी वजन करा. वाढत्या पिल्लाचं वजन घटायला नको. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, तेव्हा ताटलीतलं खाणं त्याप्रमाणे कमी करा. बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत.

घरात बोका असेल तर वाळूच्या पेटीकडे रोज लक्ष ठेवा. तो पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर करतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलाय. त्यात रात्र काढायची नाही. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत गुरंच जास्त येतात, म्हणून मांजर तपासतात का हे आजच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचेही नंबर त्या खाली लिहा.