ओळंबा हरवलेले घर

व्हिएन्नामधील हुंडर्टवासरहाउस पाहून आई पहिल्यांदा काय बोलली असेल, तर ती म्हणाली, "यांचा ओळंबा हरवला होता की काय?" तिच्या वडिलांचे उभे आयुष्य कोकणात चिऱ्याच्या भिंती उभारण्यात गेले, त्यामुळे तिची नजर कोणत्याही इमारतीच्या रंगाआधी तिच्या सरळपणाकडे जाते. आणि या इमारतीत सरळ म्हणावे असे फारसे काही नव्हतेच: शेजारशेजारच्या खिडक्यांचे आकार निरनिराळे, निळ्या-पिवळ्या-तांबड्या तुकड्यांमधली सीमारेषा हाताने ओढल्यासारखी नागमोडी, गच्च्यांवर माती टाकून वाढवलेली झाडे, आणि समोरचा रस्तादेखील लाटांसारखा वरखाली झालेला.

ओळंबा हरवला नव्हता, तो जाणूनबुजून बाजूला ठेवला होता. फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर हे मूळचे चित्रकार, आणि सरळ रेषेत देव नसतो, असे त्यांनी १९५८ मध्येच जाहीरनामा काढून सांगितले होते. त्यांचे जन्मनाव स्टोवासर. त्यातल्या 'स्टो'चा अर्थ स्लाव्ह भाषांमध्ये शंभर होतो म्हणून त्यांनी त्याचे जर्मन 'हुंडर्ट' करून टाकले. हा 'स्टो' आपल्या 'शत'चाच लांबचा भाऊ आणि जर्मन 'वासर' म्हणजे पाणी, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचे नाव 'शतजल' असे ठेवले. शहराने १९८३ ते १९८५ या काळात बांधलेल्या या इमारतीत ५२ घरे आहेत, आणि ती महापालिकेची भाड्याची घरे आहेत. त्या जागी काही कुरूप उभे राहणे टळले, एवढ्यावरच समाधान मानून हुंडर्टवासर यांनी कामाचा मोबदला घेतला नाही.

मला सर्वांत मोह पडला तो त्यांच्या 'खिडकीच्या हक्का'चा. भाडेकरूने खिडकीतून बाहेर वाकावे आणि हात पोहोचेल तेवढी भिंत आपल्या मनासारखी रंगवावी, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या सोसायटीत मी खिडकीच्या जाळीला हिरवा रंग दिला, तेव्हा तिसऱ्या दिवशी दारावर नोटीस आली होती; माझा हात किती लांब आहे, हे कुणी विचारलेसुद्धा नाही.

आत मात्र जाता येत नाही. तिथे माणसे राहतात, आणि रोज आपल्या घराचे फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत भाजीची पिशवी घरी न्यायची म्हणजे काय, याची कल्पना येऊन मी कॅमेरा खाली घेतला. समोरच्या दुकानांनी मला फारसे थांबवले नाही. आम्ही थोडे पुढे चालत कुन्स्टहाउस व्हीनमध्ये गेलो. थोनेट यांच्या फर्निचरच्या जुन्या कारखान्याचे रूप पालटून हुंडर्टवासर यांनी केलेले हे संग्रहालय १९९१ पासून खुले आहे, आणि तिथली उंचसखल जमीन आपल्या पायांखाली येते.

उंचसखल जमीन म्हणजे पायांसाठी संगीत, असे ते मानत. मला पहिल्या दहा पावलांत ते संगीत मुळीच ऐकू आले नाही. चित्राकडे पाहावे तर पाऊल अंदाजापेक्षा खोल जाई, आणि पावलाकडे पाहावे तर चित्र राहून जाई. गुडघेदुखीमुळे विमानतळावर चाकांची खुर्ची मागणारी आई मात्र, माझा हात सोडून, चढ आला की किंचित पुढे झुकत आणि उतार आला की टाच आधी टेकवत, शांतपणे चालली होती. मी आश्चर्याने पाहतो आहे हे लक्षात आल्यावर ती म्हणाली, "आमच्या माजघरातली जमीन अशीच होती. दर पावसाळ्यानंतर बाबा चोपून काढायचे, तरी उखळापाशी खळगा पडायचाच. अंधारातसुद्धा तो पायाला कळायचा."

ज्यांनी जन्मभर ओळंब्याने भिंती सरळ केल्या, त्यांच्याच घरातली जमीन अशी होती, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. पुढच्या दालनातल्या बाकावर बसून आईने प्रवासासाठी मुद्दाम घेतलेले जाड बूट काढले, मोजे काढले आणि तळवे फरशीच्या एका उंचवट्यावर टेकवले. दारातल्या रखवालदाराने आमच्याकडे पाहिले आणि तो पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला.