ऊन फुकट, पैसे मात्र आगाऊ

घरासाठी सौर पॅनेल, छोटी पवनचक्की, बायोगॅस की सगळंच राहू द्यावं, हे ठरवायला मी बसले तेव्हा विक्रेत्यांची माहितीपत्रकं बाजूला ठेवून आधी जुनी वीजबिलं काढली. वीज किती लागते यापेक्षा ती कशाला आणि कधी लागते हे बघायचं होतं. सर्वांत मोठा वाटा निघाला अंघोळीच्या गरम पाण्याचा.

इथेच हिशेबाची दिशा बदलली. पॅनेल उन्हातल्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा विजेत उतरवतं. सौर बंब चांगल्या उन्हात निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा थेट पाण्यात घालतो. आधी वीज करून मग तिनं पाणी तापवायचं, म्हणजे गच्चीवरची जागा वाया घालवायची. बंब पक्का झाला.

पवनचक्कीचा मला फार मोह होता. पण वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ऊर्जा आठव्या हिश्शावर येते. गच्चीवर वेगमापक लावून नोंदी ठेवल्या. आजूबाजूच्या इमारतींमुळे वारा घुटमळत होता, सरासरी वेग अगदीच किरकोळ. मोह तिथेच संपला. बायोगॅसला रोज घालता येईल इतका ओला कचरा घरात निघत नाही, त्यामुळे तोही बाद.

राहिली पॅनेल. त्यांच्यावर लिहिलेली क्षमता चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि 25 अंश तापमान धरून मोजलेली असते. भर उन्हात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापलं तर दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के या हिशेबानं दहा टक्क्यांहून जास्त उत्पादन घटतं. मी ती घट, सावली, धूळ सगळं वजा केलं. पॅनेलचं आयुष्य 25 वर्षं धरलं आणि मधे एकदा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बदलण्याचा खर्चही घातला. एकूण खर्चाला आयुष्यभरात मिळणाऱ्या युनिटांनी भागलं, की एका युनिटचा खर्च निघाला. पण या आकड्याला सर्वांत जास्त हलवलं ते कर्जाच्या व्याजानं! इंधनाला पैसे पडत नाहीत, म्हणून जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. व्याज दोन टक्क्यांनी वाढवून पाहिलं, तर खर्च वसूल व्हायची वर्षं लांबत गेली.

प्रदूषणाचा रकानाही होता. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2014च्या अहवालात, संपूर्ण जीवनचक्र (उभारणीपासून मोडीत काढेपर्यंत) धरून, एका युनिटमागे कोळशासाठी मध्यक 820 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन दिलंय, छतावरच्या सौर विजेसाठी 41. शून्य नाही, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

बॅटरीवर घरात बरीच वादावादी झाली. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद होतो, कारण दुरुस्ती करणाऱ्याच्या तारेत उलटा प्रवाह जाता कामा नये. म्हणजे भर दुपारी लख्ख ऊन असताना घरात पंखा बंद! हे कोणालाच पटेना. शेवटी पुढे आणखी बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला, आणि सध्या फ्रिज, दिवे आणि पंखे चालतील एवढीच छोटी लिथियम बॅटरी.